पान एकशे त्रेचाळीस

कॉमर्सचा पदवीधर आणि त्यातून बँकेत कारकून, अशा माणसाला गावातली प्रत्येक संस्था जन्मभराचा खजिनदार करून टाकते. गाव आमचे टेंभुर्णी. पुणे-सोलापूर रस्त्यावरची, माढा तालुक्यातली ती टेंभुर्णी नव्हे; आमची जाफ्राबाद तालुक्यातली, जिल्हा जालना. हा खुलासा माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरही कंसात छापला होता, तरी दोन पाहुणे तिकडेच जाऊन, कार्यालय शोधून, खानावळीत जेवून परत गेले. असो. तर गणेश मंडळ, भजनी मंडळ आणि वाचनालय या तिन्हींचा मी खजिनदार आहे, आणि तिन्हींच्या तिजोऱ्या मिळून माझ्या शर्टाच्या खिशात मावतात.

परवा वाचनालयाच्या सभेत विषय क्रमांक चार होता : ‘एका कादंबरीबाबत आलेला तक्रार अर्ज’. अर्जदार आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. म्हणजे माझेही सर. अर्जात पृष्ठक्रमांक दिले होते : १४३, १४४, १८१ आणि २०७. पुढे ‘इत्यादी’ नव्हते. ‘इत्यादी’ न लिहिणारा माणूस पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला असतो हे मी ऑडिटरांच्या सहवासात शिकलो आहे. माझ्या अंदाजाने सरांनी ते दोनदा वाचले असावे. एकदा तक्रार करावी की नाही हे ठरवण्यासाठी, आणि एकदा आकडे बरोबर आहेत ना हे बघण्यासाठी.

कादंबरी पेशवाईवरची. नाव विचारू नका, कारण ते कोणालाच ठाऊक नाही. पहिली सोळा पाने गेलेली. लाल कापडी बांधणी, पुठ्ठ्यावर काहीही नाही. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ (ती १९७२ सालची) ज्यांनी वाचली आहे त्यांनी शपथेवर सांगितले की ही ती नव्हे. ही त्याहून तापट. बाजीराव आहे, मस्तानी आहे, समई आहे, आणि समई विझवायची लेखकाला अजिबात घाई नाही. पुस्तक टेबलावर ठेवले की ते आपोआप एकशे त्रेचाळीसाव्या पानावर उघडते. त्या पानाचा कोपरा इतक्या अंगठ्यांनी पिवळा झाला आहे की अशी नोट काउंटरवर आली असती तर मी ती पुन्हा चलनात सोडली नसती.

आणि समास! वाचकहो, नोटेवर लिहू नका असे आमची रिझर्व्ह बँक घसा कोरडा करून सांगते. पुस्तकाच्या समासात लिहू नका असेही वाचनालयाच्या भिंतीवर रंगवलेले आहे. पण महाराष्ट्रात मनातले मत मोकळेपणाने मांडायला समासाइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. एकशे त्रेचाळीसाव्या पानावर जांभळ्या शाईत लिहिले आहे : ‘अश्लील!’ त्याखाली शिसपेन्सिलीने : ‘मग वाचता काहून?’ त्याखाली पुन्हा जांभळी शाई : ‘समाजाला सावध करण्यासाठी.’ लाल बॉलपेन : ‘आधार काय? बखरीत असे नाही.’ तिरके अक्षर : ‘बखरकार काय पलंगाखाली होते?’ पुढे एका सज्जनाने मस्तानीने खाल्लेल्या विड्याचा रस तिच्या गळ्यातून उतरताना दिसे ही दंतकथा लिहून ‘हे लेखकाने घ्यायला हवे होते’ अशी सूचना केली आहे. एकशे एक्याऐंशीव्या पानाच्या तळाशी कोणी विव्हळले आहे : ‘पुढचे पान कोणी फाडले? देव त्याचे भले करणार नाही.’

मी सभेत बसल्याबसल्या हे सगळे वाचत होतो, आणि वाचता वाचता एक गोष्ट माझ्या कारकुनी नजरेने टिपली. लढायांच्या प्रकरणांतले समास कोरे करकरीत होते. १७२७ साली बाजीराव निजामाच्या मुलखात घुसला तेव्हा त्याने आधी आमची ही जालना-सिंदखेडची बाजू धुऊन काढली. मग पुढच्या वर्षी पालखेडला निजामाला कोंडले. कादंबरीत ते सगळे आहे. गावे पेटतात, कडब्याच्या गंज्या जळतात, बायाबापड्या शेतातून पळतात. ही म्हणजे आमचीच खापरपणजी पळते आहे की हो! पण त्या समासात एकाही टेंभुर्णीकराने एक अक्षर लिहिलेले नाही. ‘आधार काय?’ सुद्धा नाही. गाव जाळायला आधार लागत नाही, समई विझवायला लागतो.

हे मी सभेत बोललो नाही. खजिनदाराने जमाखर्चापलीकडे बोलू नये असा दंडक आहे, आणि माझ्या सरांसमोर मी अजून उभा राहूनच बोलतो.

सर म्हणाले, “शृंगाराला माझा विरोध नाही. गाथासप्तशती मी वाचली आहे.” सभेत शांतता पसरली, कारण ती इतर कोणीच वाचली नव्हती. मी वाचली आहे, पण स. आ. जोगळेकरांचे ते जाडजूड पुस्तक घरी आणताना मी ते ताळेबंदाचे आहे असे सांगितले होते. त्या पैठणच्या हाल सातवाहन राजाने सातशे गाथा गोळा केल्या त्या आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातल्या, गोदाकाठच्या. शेते, नांगर, सासू, शेजारीण, वाटसरू आणि भर दुपारचे चोरटे उद्योग. पैठण आम्हाला शेजारच्या जिल्ह्यातले. म्हणजे चावटपणा काही आम्ही मुंबईहून आयात केलेला नाही, तो जवळजवळ दोन हजार वर्षांचा घरगुती माल आहे.

“पण,” सर म्हणाले, “त्या गाथांत नावे नाहीत.”

आणि इथे, खरे सांगतो, मी चपापलो. कारण मुद्दा बिनतोड होता. गाथेतली बाई कोण ते कळत नाही, म्हणून तिचे नातेवाईक मोर्चा घेऊन येत नाहीत. २०१५ साली तो बाजीराव-मस्तानीचा हिंदी सिनेमा आला आणि त्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या, तेव्हा पुण्यात निषेध झाला तो नाचाचा नव्हता. नाच आपण रोज बघतो. तो नावांचा होता. मेलेल्या माणसाची खोली उघडून आत काय चालले होते ते आपण आपल्या मनाने लिहायचे, आणि खाली त्याचे खरे नाव घालायचे, हे बरे का? तो बिचारा ‘मी असे नव्हतो’ म्हणायलाही येऊ शकत नाही. आमच्याकडे मयत खातेदाराच्या खात्याला वारसाशिवाय कोणाला हात लावू देत नाहीत. मयत पेशव्याच्या बाबतीत मात्र कोणीही यावे आणि विथड्रॉवल स्लिप भरावी.

अर्थात उलटही म्हणता येते. नानासाहेब, रघुनाथराव आणि समशेर बहाद्दर ही मुले काही १७३० साली शनिवारवाड्याचा पाया खणताना सापडली नव्हती. माणूस मोठा झाला म्हणजे त्याने रात्री फक्त तहनामे वाचले असे धरून चालणे हीसुद्धा कादंबरीच, नुसती कमी खपाची. आणि मस्तानीची बाजू तरी कोणत्या कागदात आहे? तिला कोंडणाऱ्यांची पत्रे राहिली. १७४० च्या एप्रिलात बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला गेला, पाठोपाठ ती गेली; पाबळला तिची कबर आहे. कादंबरीकाराने तोंड उघडले नसते तर तिच्या वतीने बोलायला ती कबर तेवढी उरली असती.

सभेतल्या एका वकीलसाहेबांनी कायदा काढला. १९६२ सालच्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा अश्लील म्हणून पुण्यात खटला झाला. खालच्या कोर्टाने सोडले, हायकोर्टाने पंचवीस रुपये दंड ठोठावला, आणि १९६९ साली सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. एखादे पान सुटे काढून नव्हे, तर सगळे लिखाण एकत्र धरून बघा, असा न्याय. मी तेवढ्यात मनात हिशेब केला : पंचवीस रुपये, सात वर्षे, सरळव्याज चार टक्के, म्हणजे व्याज सात रुपये. बाकी माझ्या डोक्यात काही शिरले नाही, कारण माझे लक्ष एकशे चव्वेचाळीसाव्या पानावर गेले होते.

तिथे डाव्या समासात, बारीक, सरळ रेषेत, पेन्सिलीने एक ओळ होती : ‘काशीबाई जागीच असेल.’

सह्या ताडून पाहणे हा माझा पोटाचा धंदा आहे. त्या ‘श’ची गाठ, आणि शेवटच्या पूर्णविरामाऐवजी ओढलेली ती आडवी रेघ, मी लहानपणापासून कॅलेंडरवर पाहत आलो होतो. ‘दूध खाडा –’. ‘गॅस आला –’. अक्षर माझ्या आईचे होते.

आई सातवी शिकलेली. वाचनालयाचे कार्ड वडिलांच्या नावावर, आणि वडील वाचीत फक्त बाजारभाव. पुस्तक आणायला-पोचवायला मी. ती ते वर्तमानपत्रात गुंडाळून देई आणि म्हणे, “रस्त्यात उघडू नको बरं का, पावसाने भिजतं.” उन्हाळ्यातही भिजे. मी अर्थातच मारुतीच्या पारामागे बसून उघडत असे. म्हणजे एकशे त्रेचाळीसाव्या पानाच्या त्या पिवळ्या कोपऱ्यात माझ्या बाराव्या वर्षाचा अंगठाही असणार. आईचा तर आहेच.

इतकी माणसे त्या पानावर समईकडे बघत होती. ही एकटी भिंतीपलीकडे बघत होती. ती ओळ तिने काशीबाईसाठीच लिहिली का? माझे वडील मोंढ्यात हिशेबनीस होते. हंगामात फार उशिरा येत. कधीकधी... 

इथे मी स्वतःला दरडावून थांबवले. तीन शब्दांवरून मी आईची अख्खी रात्र रचायला निघालो होतो. समई लावली होती, दार ढकलायचे बाकी होते. ज्याच्या विरुद्ध अर्ज आला होता तो कादंबरीकार तरी याहून वेगळे काय करीत होता?

आणि नेमक्या त्याच क्षणी सर टेबलावर हात आपटून माझ्याकडे वळले. “तूच सांग रे! उद्या तुझ्या आईबद्दल कोणी असं काही लिहिलं, तर तुला चालेल का?”

हा युक्तिवाद आपल्या देशात फार जुना आहे आणि त्यापुढे आजवर कोणी टिकलेले नाही. पण हातात तेच पान उघडे असताना तो कोणावर आला असेल असे वाटत नाही. मी उभा राहिलो. म्हटले, “सर, तिलाच विचारायला हवं होतं. आता उशीर झाला.”

सभा हसली. गावात मी विनोदी म्हणून प्रसिद्ध असल्याने माझे एकही खरे वाक्य आजवर कोणी गंभीरपणे घेतलेले नाही. सरही हसले, आणि विषय मताला टाकला गेला. मी पुस्तक ठेवावे म्हणून हात वर केला. का केला हे मला विचारले असते तर मी कला, इतिहास, सुप्रीम कोर्ट असे काहीतरी सांगितले असते.

हात समसमान झाले. अध्यक्ष निर्णायक मत देणार इतक्यात ग्रंथपालांनी शंका काढली : पुस्तक बाद करायचे तर ठरावात नाव आणि दाखल क्रमांक लिहावा लागतो. नाव पहिल्या पानावर, ते नाही. क्रमांकही त्याच पानावर. नाव नसलेले पुस्तक बाद कसे करणार? आणि तपासणीला आलेल्या साहेबांना काय सांगणार? विषय पुढील सभेवर ढकलण्यात आला. चहा झाला. चहाचे नव्वद रुपये खजिनदाराने दिले.

मी पुस्तक माझ्या नावावर घरी नेले. खोडरबर घेऊन दोन रात्री बसलो. जांभळी शाई रबराने जात नाही, पेन्सिल जाते. म्हणजे गावाची सगळी मते राहणार आणि तेवढी एक जाणार. रबर मुलाच्या कंपासपेटीत परत ठेवले.

सोमवारी सर पासबुक भरायला काउंटरवर आले. मागे रांग होती, तरी ते खिडकीशी वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ते बारीक अक्षर बघितलंस का? एकशे चव्वेचाळीसवर?”

“बघितलं सर.”

“कोणाचं असेल?”

प्रिंटर खरखरत होता. मी म्हटले, “काही कळत नाही सर.”

“बाईमाणसाचं असावं,” सर म्हणाले. “अर्जात मी ते पान घातलंय खरं, पण ती ओळ मी बराच वेळ वाचत बसलो होतो. तुझ्या काकू गेल्यापासून...” आणि मग त्यांना रांग दिसली.

मी पासबुक त्यांच्या हातात दिले आणि म्हणालो, “पुढचे या.”