पाळणा कुणी थांबवायचा?

वातावरण असे तापत असताना आणखी एक जीव जगात आणावा का, हा प्रश्न आता मराठी घरांतली तरुण जोडपीही विचारू लागली आहेत. प्रश्न प्रामाणिक आहे, त्याची टर उडवण्याचे कारण नाही. पण तो आपल्यापर्यंत पोचला तो अनेक वळणे घेत, आणि प्रत्येक वळणावर ‘मुले किती’ याहीपेक्षा ‘हे ठरवणार कोण’ याचे उत्तर बदलत गेले. पर्यावरणाच्या नावाने लहान कुटुंबाचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने तो प्रवास नीट पाहिला पाहिजे.

१९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे होती ती लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगणारी बाई. मूल हवे की नको, हवे तर केव्हा, हे तिने ठरवावे आणि त्यासाठी लागणारे ज्ञान तिला मिळावे, अशी त्यांची मागणी होती. तिची किंमत त्यांनी मोजली. गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून अखेरपर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला, पण त्यातली तळमळ स्त्रीच्या प्रकृतीविषयी आणि गरीब घराच्या ओढाताणीविषयी होती. रघुनाथराव आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी स्वतः विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही. ते आचरण त्यांचे स्वतःचे होते. दुसऱ्यावर त्यांनी आकडा लादला नाही.

स्वातंत्र्यानंतर हा विचार सरकारने उचलला. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश. एका अर्थाने तो कर्व्यांचा विजय होता; पण भाषा बदलली. धान्य किती, रोजगार किती, दरडोई उत्पन्न किती, या हिशेबात माणूस भागाकाराचा छेद झाला. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर आला आणि पाळणा लांबवणे हे देशकार्य ठरले.

याच सुमारास पर्यावरणाचा युक्तिवाद जोडला गेला. १९६८ साली पॉल एर्लिक यांचे ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ प्रसिद्ध झाले. पुस्तकाची सुरुवात दिल्लीतल्या एका टॅक्सीप्रवासाने होते: खिडकीबाहेर माणसेच माणसे, आणि त्या दृश्याने लेखकाच्या मनात दाटलेली भीती. त्या काळी पॅरिस महानगराची वस्ती दिल्लीच्या दुपटीहून अधिक होती, पण पॅरिसच्या गर्दीने कुणाला धडकी भरली नाही. म्हणजे भीती संख्येइतकीच गरिबीची होती. त्याच वर्षी गॅरेट हार्डिन यांनी ‘सायन्स’मधल्या गाजलेल्या लेखात प्रजननाच्या स्वातंत्र्यावर सक्तीने मर्यादा घालावी, असे मांडले. सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसे भुकेने मरतील हे एर्लिक यांचे भाकीत खोटे ठरले. माणसाकडे ओझे म्हणून पाहण्याची सवय मात्र मागे उरली.

तिचे टोक आपण आणीबाणीत पाहिले. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या. महाराष्ट्र तर आणखी पुढे गेला. तीन मुले झालेल्यांना नसबंदी सक्तीची करणारे विधेयक १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने मंजूर केले; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही. कर्व्यांच्या मुंबईत, त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी हे घडले, याची खंत वाटायला हवी.

१९७७ मध्ये मतदारांनी या जुलमाचा निकाल लावला. पण सरकारने त्यातून घेतलेला धडा विचित्र होता. पुरुषांच्या वाटेला जाणे राजकारणाला परवडत नाही, म्हणून सारा भार बायकांवर टाकला गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी ऑपरेशन करून घेतले आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के. २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांची ऑपरेशने उरकली गेली आणि त्यांतल्या अनेक जणी दगावल्या. १९९४ च्या कैरो इथल्या लोकसंख्या परिषदेने आकड्यांऐवजी स्त्रीचे आरोग्य, शिक्षण आणि निर्णयाधिकार मध्यभागी आणले होते, त्यानंतर वीस वर्षांनी हे घडले.

आता हवामानबदलाचा मुद्दा. तो मी हलका मानत नाही. पाणी, चराऊ जमीन, जंगल यांवर माणसांच्या संख्येचा ताण पडतोच. पण कर्बउत्सर्जनाचा हिशेब मांडला की डोक्यांची मोजणी अपुरी पडते. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर अमेरिकी माणसामागे १४ टनांच्या आसपास. हा सरासरीचा आकडाही फसवा आहे, कारण आपल्याकडे वर्षातून दोनदा विमानाने फिरायला जाणारे घर आणि ऊसतोडीला जाणारे घर एकाच सरासरीत बसते. पहिल्या घरात एक मूल आणि दुसऱ्यात चार असली, तरी पृथ्वीचे देणे पहिल्याकडेच जास्त निघण्याची शक्यता आहे.

दुसरी अडचण काळाची. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, १.७ होता, देशाचा २.०; लोकसंख्या स्थिर राखायला लागणाऱ्या २.१ पेक्षा दोन्ही कमीच. तरीही देशाची लोकसंख्या अजून काही दशके वाढतच राहील, कारण आई-बाप होण्याच्या वयाची पिढी मोठी आहे. उत्सर्जन तर याच काही दशकांत उतरवायला हवे. पाळणा थांबवून जे शंभर वर्षांत साधेल, त्याची वाट पाहायला वेळ नाही. वीज कशी बनवायची, शहरात बसगाड्या किती, घरे कशी बांधायची, यांचे निर्णय आजचे आहेत. ‘लोकसंख्या’ म्हटले की हे निर्णय टाळायला सोयीची सबब मिळते.

जननदर उतरला तो मुली शाळेत टिकल्या, बाळे जगू लागली, साधने हाताशी आली म्हणून. केरळ आणि तमिळनाडूने हे सक्तीशिवाय करून दाखवले. उलट, महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. घरात जिचे मत विचारले गेले नाही, तिचेच सरपंचपद अशा नियमाने हिरावले जाते.

आणि आता वारे फिरले आहे. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशाने हीच दोन अपत्यांची अट रद्द केली आणि मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू जास्त मुले होऊ द्या म्हणू लागले. काल ‘पुरे’ म्हणणारे सरकार आज ‘आणखी’ म्हणते; दोन्ही वेळा हिशेब राज्याचा आणि शरीर बाईचे. कर्व्यांची भूमिका या दोन्ही हुकमांना एकच उत्तर देते, म्हणून ती शंभर वर्षांनंतरही खरी आहे.

पृथ्वीचा विचार करून मूल न होऊ देणाऱ्या जोडप्याविषयी मला आदर आहे. त्यांचा निर्णय नैतिक आहे, कारण तो त्यांनी स्वतःपुरता घेतला आहे. पण त्या निर्णयाने आपल्या उपभोगाचा हिशेब चुकता होत नाही, आणि शेजारणीच्या तिसऱ्या मुलावर बोट ठेवण्याचा अधिकारही मिळत नाही. समाज म्हणून आपले काम एवढेच आहे: प्रत्येक बाईच्या हाती ज्ञान, साधने आणि नाही म्हणण्याची ताकद पोचवायची, नसबंदीत पुरुषांनी आपला वाटा उचलायचा, आणि ज्यांच्या राहणीचा बोजा पृथ्वीवर सर्वांत जास्त, त्यांनी काटकसरीची सुरुवात आपल्या घरापासून करायची.