पेरांवरचा हिशेब

छायाचित्रणाची एक कार्यशाळा हार्बर लाइनवर भरली होती. विषय होता लोकलचे प्रवासी. मार्ग सरांनी मुद्दाम निवडला होता. देशातली विजेवर चालणारी पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच मार्गावर, व्हीटी ते कुर्ला अशी धावली. शिवाय पनवेल लोकलच्या एका खेपेत मुंबईतले सगळे थर भेटतात. फर्स्ट क्लासमध्ये मांडीवर लॅपटॉप घेतलेले नोकरदार, बाजाराकडे निघालेले माथाडी, महिलांच्या डब्यात भाजी निवडत बसलेल्या बायका आणि वाशीचा खाडीपूल आला की दारातून निर्माल्य सोडणारे भाविक.

सरांची अट एकच होती. प्रत्येक फोटोखाली लिहायचं की माणूस कुठे चढला, कुठे उतरणार आणि सोबत काय आहे.

"पण सर, विचारलं की चेहरा बदलतो," एक मुलगी म्हणाली. वर्गात तिचाच हात सगळ्यांत तयार होता.

"वॉकर इव्हान्सलाही तसंच वाटायचं," सर म्हणाले. "१९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत त्याने कोटाआड कॅमेरा लपवून फोटो काढले. पुस्तक निघालं ते १९६६ मध्ये. काम मोठं आहे, पण त्यातल्या माणसांची नावं त्यालाही ठाऊक नव्हती. पुढे १९८० च्या सुमारास ब्रूस डेव्हिडसन त्याच रेल्वेत फिरला. तो आपल्या फोटोंचा छोटा अल्बम सोबत ठेवायचा आणि लोकांना दाखवायचा."

विचारलं की चेहरा बदलतो, हे खरंच आहे. पण बदललेला चेहराही त्याच माणसाचा असतो, आणि जगाने आपला तोच चेहरा पाहावा असं त्याला वाटत असतं. मुलीला मात्र हे पटलं नाही. तिने दुरूनच फोटो काढला.

फोटो सुरेख होता. माल डब्यात पाठ टेकून बसलेली कोळीण, मिटलेले डोळे, समोर गोणपाटाने झाकलेली पाटी. मुलीने नाव दिलं, 'थकवा'. वर्ग हळहळला.

"कुठे उतरल्या या?" सरांनी विचारलं. मुलगी गप्प.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला ती माल डब्यात चढली. डॉकयार्ड रोडला कोळीण आली. मुलीने सरळ कॅमेरा पुढे केला. "मावशी, काल न विचारता हा तुमचा फोटो काढला."

मावशीने निरखून पाहिलं. "आणि खाली काय लिवलंस?"

"थकवा."

मावशी खळखळून हसली. "थकले कुठं गो? हिशेब चालला होता माझा. धक्क्यावर लिलावात कोलंबी घेतली, हमालाला दिले, बर्फाला दिले. चेंबूर येईस्तोवर वाटा कितीला लावायचा ते ठरवाय लागतं. गिऱ्हाईक समोर आलं की सुचत नाय."

मुलीने फोटो मोठा करून पाहिला. मांडीवरच्या हाताचा अंगठा मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर टेकलेला होता. फोटोत तो स्वच्छ दिसत होता, पण काल मिटलेल्या डोळ्यांपुढे कुणाची नजर तिथवर गेलीच नव्हती.

"आता काढू का, मावशी?"

"थांब." तिने पदर सारखा केला, गोणपाट बाजूला सारलं, हाताने बर्फ लोटला आणि चांगली टपोरी कोलंबी वर आणून ठेवली. "आता काढ. म्हावरं दिसलं पायजे."

फोटो झाला. मुलगी वहीत लिहू लागली. मावशीने विचारलं, "काय लिवतेस? वाच."

"चढल्या डॉकयार्ड रोडला, उतरणार चेंबूरला. पाटीत कोलंबी आणि बोंबील. लिलावातला खरेदीचा भाव..."

"भाव खोड आधी! माझी गिऱ्हाईकं वाचतील ना!"

मुलीने ती ओळ खोडली. गाडी टिळकनगरहून सुटली होती. मावशीने डोक्यावर चुंबळ ठेवली.

"चल, वही ठेव. पाटीला हात लाव."