भुरका

गुलमंडीवरच्या हॉटेलात चहा येईपर्यंत गप्प बसलो, की पोऱ्या विचारतो, "साहेब, तब्येत बरी नाही का?" तेव्हा जपानी चहाघराचे नियम वाचून मला घामच फुटला. सोळाव्या शतकातल्या सेन नो रिक्यू या चहागुरूच्या परंपरेतले दार इतके बुटके, की सामुराईनेही तलवार बाहेर ठेवून रांगतच आत यावे. (आमच्याकडे छत्रीसुद्धा मांडीवर घेऊन बसतात.) आत घड्याळ नको, गावगप्पा नकोत. वाडग्याची दर्शनी बाजू ओठांना लागू नये म्हणून तो फिरवून घ्यायचा. आणि पिण्याआधी शेजारच्या पाहुण्याला म्हणायचे, 'तुमच्या आधी घेतो, क्षमा असावी.'

एवढे सारे पाळून माणूस चांगला होतो, की नुसताच गप्प? मी मनाशी 'नुसताच गप्प' असा निकाल देणार, तोच पुढची ओळ दिसली: शेवटचा घोट मात्र आवाज करून ओढायचा! चहा संपल्याची ती खूण.

वीस वर्षे सौभाग्यवतींनी माझ्या भुरक्याचा उद्धार केलेला. मी बशी उंचावून विजयी मुद्रेने तिला ती ओळ वाचून दाखवली.

"अहो, ते आधी शेजारच्याची क्षमा मागतात," ती म्हणाली. "मला चहा उरलाय का, हे तुम्ही कधी विचारलंत?"

मी पातेल्यात डोकावलो. चोथा होता.