‘टेक ऑफ’ आणि आपलं ‘काढणं’

सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. साध्या क्रियापदाला चिमुकलं अव्यय जोडून अर्थच फिरवायचा, ही इंग्रजीची रीत परक्यांना सगळ्यात जड जाते, असं त्याने प्रस्तावनेत लिहिलं. तिथल्या उदाहरणांत ‘टेक ऑफ’ आहे आणि त्याचा अर्थ दिलाय नक्कल करणे. ना बूट, ना टोपी. विमान उडायला तर अजून जवळजवळ दीडशे वर्षं होती.

आजच्या कोशात याच जोडीचे अर्थ एकाखाली एक येतात: कपडे उतरवणं, रजा घेणं, निसटणं, कुणाची नक्कल करणं, विमानाने जमीन सोडणं, धंद्याने वेग घेणं. पाहणाऱ्याला ही खिचडी वाटते. पण सगळा खेळ ‘ऑफ’चा आहे. जे चिकटलेलं, टेकलेलं होतं, ते सुटून वेगळं झालं, एवढंच तो सांगतो.

मराठी माणसाला हे खरं तर परकं वाटू नये. आपण चपला काढतो, सुट्टी काढतो, पळ काढतो आणि झेरॉक्सही काढतो. मुळावरून प्रत ‘काढून घेणं’, हाच जॉन्सनचा अर्थ. ब्रिटिश माणूस अजूनही एखाद्या पुढाऱ्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्याबद्दल ‘टेक ऑफ’ म्हणतो. ‘काढणे’ इतकं जवळ येतं, की विद्यार्थ्याला आधी तेच सुचवावं.

विमानापाशी मात्र वाटा फुटतात. ‘काढणे’ला कर्म लागतं, पळ काढतानाही ‘पळ’ हे कर्म असतंच. इंग्रजी जोडी कर्म टाकून देऊ शकते, मग कर्ताच स्वतःला जमिनीपासून सोडवतो. उडी मारणाऱ्या घोड्याला ती आधीपासून वापरात होती, पुढे विमानाला मिळाली. १९५६ साली वॉल्ट रोस्टो या अर्थशास्त्रज्ञाने तीच अख्ख्या देशांना लावली. ब्रिटनचं उड्डाण त्याने १७८३ ते १८०२ या काळात मांडलं, भारताचं १९५२ पासून. तेव्हापासून अर्थव्यवस्थाही ‘टेक ऑफ’ घेऊ लागल्या. गंमत म्हणजे मराठीत चांगल्या चाललेल्या धंद्याचा जम बसतो. त्यांचा उडतो, आपला बसतो! मला विचाराल तर आपली कल्पना अधिक सावध आहे.

वापरताना एवढं सांभाळा. बूट नावाने आले तर ‘टेक ऑफ युअर शूज’ आणि ‘टेक युअर शूज ऑफ’ दोन्ही चालतं. सर्वनाम आलं की ते मधेच बसवायचं, ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ कधीच नाही. रजेचा दिवसही बहुधा मधेच येतो, ‘टेक अ डे ऑफ’. विमानाच्या बाबतीत ही भानगडच नाही, कारण तिथे कर्म नसतं.