तहवीलदार

जुन्या मराठी कारभारात 'तहवील' म्हणजे हवाली केलेला ऐवज, आणि तो ज्याच्या हवाली केला तो तहवीलदार. आपल्याकडे हा शब्द आता कोशात जाऊन बसला आहे. काबूलच्या राष्ट्रीय संग्रहालयात मात्र तो रोजच्या वापरात आहे. कोठाराची किल्ली ज्याच्या नावावर आहे तो तिथला तहवीलदार. वस्तू जागेवर नसेल तर जबाब त्यानेच द्यायचा. परदेशी पुरातत्त्व संस्थांविषयी विचार करताना मला आधी हा माणूस आठवतो. संस्थेचा इतिहास लिहिताना त्याच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

१९१९ मध्ये इंग्रजांशी तिसरे युद्ध झाले आणि अफगाणिस्तानला परराष्ट्र कारभार स्वतः चालवण्याचा हक्क मिळाला. अमीर अमानुल्लांना देश आधुनिक करायचा होता, पण त्यासाठी इंग्रज नको होते आणि रशियनही नको होते. १९२२ मध्ये त्यांनी फ्रान्सशी करार केला. अफगाणिस्तानात उत्खनन करण्याचा हक्क तीस वर्षे फक्त फ्रेंचांचा, आणि सापडेल ते दोघांनी वाटून घ्यायचे. फ्रेंच पुरातत्त्व प्रतिनिधिमंडळ उभे राहिले ते या करारावर. पहिले प्रमुख होते आल्फ्रेद फुशे, गांधार कलेचे मोठे अभ्यासक.

हा मक्ता किती पक्का होता ते ऑरेल स्टाईन यांच्या आयुष्यात दिसते. हिंदुस्थान सरकारच्या नोकरीतला हा संशोधक तरुणपणापासून प्राचीन बाल्ख शहराच्या जागी जाण्याची वाट पाहत होता. परवानगी मिळाली तेव्हा वयाची ऐंशी वर्षे उलटली होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये ते काबूलला पोचले, आठवडाभरात वारले, आणि तिथल्या परदेशीयांच्या दफनभूमीत त्यांना माती मिळाली. ज्या बाल्खसाठी त्यांनी जन्मभर वाट पाहिली, तिथे फुशे यांनी दीड वर्ष खोदकाम केले होते. तिथे असेल असे वाटलेले ग्रीक शहर त्यांना सापडले नाही.

फ्रेंचांना मोठा ऐवज सापडला तो बेग्रामला. १९३७ आणि १९३९ मध्ये जोसेफ आणि रिया हॅकिन यांच्या पथकाने विटांनी दार बुजवलेल्या दोन खोल्या उघडल्या. रोमन जगातली काच, चिनी लाखकाम, ब्राँझच्या मूर्ती, प्लॅस्टरचे साचे आणि हजाराहून अधिक हस्तिदंती तुकडे एकाच जागी दडवलेले होते. आसने आणि पेट्या ज्या लाकडाच्या होत्या ते लाकूड कधीच कुजून गेले होते. मातीत उरले होते फक्त वर जडवलेले हस्तिदंत. ते इतके ठिसूळ की बोटाने उचलायला जावे तर भुगा. जिलेटिनचा लेप देऊन, तो सुकू देऊन, एकेक पट्टी सोडवावी लागली. त्या पट्ट्यांवर कमानींखाली उभ्या असलेल्या, भरगच्च दागिन्यांच्या बायका आहेत. त्या पाहिल्या की धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची छोटी हस्तिदंती मूर्ती डोळ्यांसमोर येतेच. ठेवणीत तीच भरदार सहजता. बेग्रामचा ऐवज फ्रेंचांचा नव्हता, आणि एका अर्थी नुसता अफगाणांचाही नव्हता. त्यातली हस्तिदंते कोरणारे हात बहुधा आपल्या बाजूचे होते.

करारानुसार या ऐवजाचे दोन वाटे झाले. एक पॅरिसच्या गिमे संग्रहालयात गेला, दुसरा काबूलला राहिला. हॅकिन दांपत्य फेब्रुवारी १९४१ मध्ये पाणतीराने बुडालेल्या जहाजावर मरण पावले. १९३९ च्या कामाचा अहवाल त्यांच्या मागे, १९५४ मध्ये छापला गेला.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९९३ मध्ये संग्रहालयाच्या इमारतीवर रॉकेट पडले, त्यानंतर लूट झाली. २००१ मध्ये तालिबानने हातोडे चालवले आणि संग्रहालयातल्या, हड्डा या बौद्ध स्थळी सापडलेल्या मातीच्या व चुन्याच्या नाजूक मूर्तींचा चुरा केला. त्यावरून एक युक्तिवाद तयार झाला, आणि तो आपल्याकडेही शिकलेली माणसे करतात: बरे झाले वाटणी केली, पॅरिसला गेले ते तरी वाचले.

या युक्तिवादात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. हड्डाच्या ज्या मूर्ती गिमेमध्ये आहेत त्या आज अखंड आहेत. पण युद्धाने विध्वंस केला म्हणून सत्तर वर्षांपूर्वीची वाटणी न्याय्य ठरत नाही. १९२२ मध्ये फ्रेंचांनी अर्धा वाटा मागितला तो काबूलवर रॉकेट पडेल या भीतीने नव्हे. त्यांच्या संग्रहालयाला वस्तू हव्या होत्या. शिवाय काबूलचा वाटा सगळा गेला, हेही खरे नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस संग्रहालयाच्या लोकांनी निवडक वस्तू पेट्यांत भरल्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या वाड्याच्या आवारात, मध्यवर्ती बँकेच्या तळघरात नेऊन ठेवल्या. बेग्रामची हस्तिदंते त्यांत होती, आणि तिल्या तेपेचे सोनेही. ते वीस हजारांहून अधिक नग १९७८ मध्ये सोव्हिएत-अफगाण पथकाला सापडले होते. सरकारे बदलली, शहर उद्ध्वस्त झाले, पगार थकले. ज्यांना ठाऊक होते त्यांनी तोंड उघडले नाही. पॅरिसची सुरक्षा भिंतींची आणि विम्याची होती, काबूलची माणसांच्या जिभेची. दुसरीला कमी लेखायचे काही कारण मला दिसत नाही.

म्हणून परदेशी संस्थेला तिने काय शोधले हे विचारून भागत नाही. ती गेल्यावर यजमान देशाच्या हातात काय उरले, हे विचारावे लागते. आय खानुममध्ये या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. १९६१ मध्ये राजे जहीर शाह शिकारीला गेले असताना अमू आणि कोकचा नद्यांच्या संगमाजवळ गावकऱ्यांनी त्यांना कोरीव दगड दाखवले. फुशे यांना बाल्खला न गवसलेले ग्रीक शहर तिथे होते. पॉल बर्नार यांच्या पथकाने १९७८ पर्यंत काम केले. व्यायामशाळा, नाट्यगृह, राजवाडा उजेडात आला. १९७० मध्ये अगाथोक्लीस राजाची सहा नाणी मिळाली, एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी लिपी, आणि वर बलराम आणि वासुदेव. भागवत धर्माच्या इतिहासात या सहा नाण्यांना केवढे मोल आहे!

त्यानंतरच्या युद्धात लुटारूंनी त्या जागेची खड्ड्याखड्ड्यांनी चाळण केली. काही कोरीव स्तंभशीर्षे जवळच्या एका चहाखान्याच्या खांबांखाली गेली. आज आय खानुम म्हणून जे उरले आहे ते बहुतांशी फ्रेंचांचे नकाशे, मोजमापे आणि अहवालांचे खंड. काम काटेकोर नसते तर एक शहर दुसऱ्यांदा आणि कायमचे पुसले गेले असते. या कामाबद्दल कृतज्ञता वाटलीच पाहिजे. पण ते खंड फ्रेंचमध्ये आहेत. त्याच भूमीवरच्या दरी किंवा पश्तो बोलणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या जिल्ह्याचा इतिहास वाचायचा तर आधी परकी भाषा शिकावी लागते. हे दुखणे आपल्याला परके नाही. इनामगावच्या उत्खननाचा मोठा अहवाल इंग्रजीत आहे. ते उत्खनन करणाऱ्या ढवळीकरांसारखा विद्वान मराठीतून लिहीत राहिला म्हणून आपल्या वाचकाला थोडे तरी हाती लागले.

आपणही कुठेतरी परदेशी आहोत, हे मात्र विसरायला होते. १९६९ ते १९७७ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने बामियानच्या बुद्धमूर्ती सावरण्याचे काम केले. पुढे कंबोडियात आंकोर वाट आणि ता प्रोमला आपली माणसे गेली. त्याचा अभिमान मलाही आहे. पण फ्रेंचांना जो प्रश्न विचारायचा तोच आपल्यालाही: त्या वर्षांत किती स्थानिक हात तयार झाले, कागद कोणाच्या कपाटात राहिले, ते वाचू कोण शकतो? आपण वस्तू उचलून आणल्या नाहीत, एवढ्याने हिशेब मिटत नाही.

परक्यांना येऊच देऊ नये, हा दुसऱ्या टोकाचा सूरही मला पटत नाही. २००४ मध्ये तळघरातल्या तिजोऱ्या कापून उघडाव्या लागल्या. तिल्या तेपेचे उत्खनन करणारे विक्टर सारियानिदी तेव्हा समोर होते. सोने तेच की नकली, हा सवाल होता. एका नगावर बारीक तारेची दुरुस्ती दिसली. ती त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली होती, पंचवीस वर्षांपूर्वी. ओळख पटवायला त्या परक्या माणसाची नजर लागली. ओळखण्याजोगे काही शिल्लक होते ते मात्र अफगाणांमुळे.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतले, आणि परदेशी माणसे मिळेल त्या विमानाने निघून गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस काबूलचे संग्रहालय लोकांसाठी पुन्हा उघडले. कुलपे काढणारे कर्मचारी तिथलेच होते.