कारणाचा रकाना

निघालेल्या माणसाला ‘कुठे’ असे विचारू नये, असा आपल्या जुन्या घरांतला संकेत होता. पाऊल उंबऱ्याबाहेर पडले की वडीलधारी माणसे फार तर ‘लांब निघालास का?’ एवढेच आडून विचारीत आणि उत्तर पुरते ऐकून न घेताच ‘जपून जा’ म्हणत. या संकेतामागे अपशकुनाची भीती असेल. पण मला त्यात एक सूक्ष्म सभ्यताही दिसत आली आहे. जाणाऱ्याचे प्रयोजन हे त्याच्या अंतरंगाचा भाग असते, ते चारचौघांत उकलून दाखवायला लावले तर त्याचे तेज थोडे उणे होते, ही जाण त्या अर्धवट प्रश्नात असावी. 2020च्या उन्हाळ्यात, कोविडच्या टाळेबंदीत, ही सभ्यता आपल्याला परवडेनाशी झाली. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायचे तरी पोलिसांकडून ई-पास काढावा लागे, आणि त्या अर्जात नाव, वाहनाचा क्रमांक, सहप्रवाशांची संख्या यांच्या जोडीला प्रवासाच्या कारणाचाही रकाना असे. आयुष्यभर आपण असंख्य प्रवास केले, पण ते का केले, हे दोन-तीन शब्दांत लिहून एका अनोळखी अधिकाऱ्याला पटवून देण्याची वेळ बहुतेकांवर तेव्हा पहिल्यांदाच आली.

मार्चअखेर थांबलेली देशांतर्गत विमाने दोन महिन्यांनी, 25 मे रोजी पुन्हा उडू लागली. प्रवाशांच्या नाकातोंडावर मुखपट्टी, चेहऱ्यासमोर पारदर्शक ढाल, मधल्या आसनावर बसणाऱ्याच्या अंगात घोट्यापर्यंतचा पांढरा झगा. उतरल्यावर अनेकांच्या हातावर विलगीकरणाचा शिक्का. जगभर त्या एप्रिलमध्ये हवाई प्रवाशांची संख्या आदल्या वर्षीच्या तुलनेत 90 टक्क्यांहून अधिक घसरली होती, आणि त्या घसरणीविषयी अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले. मला मात्र घसरलेल्या संख्येपेक्षा उरलेल्या माणसांविषयी कुतूहल वाटत राहिले. सहल, परिषद, व्यापारी बैठक, मित्राच्या घरची वास्तुशांत, असे सारे गळून गेल्यावर, श्वासागणिक भय असताना, नंतर चौदा दिवस एका खोलीत स्वतःला कोंडून घेण्याची अट मान्य करून जी माणसे आकाशात गेली, ती कशासाठी गेली? माणसाला खरोखर अपरिहार्य असे काय असते, याचे उत्तर आजवर मी ग्रंथांतून शोधत आलो होतो. त्या वर्षी ते विमानतळांवरच्या विरळ रांगांत उभे होते.

सर्वांत मोठी रांग मृत्यूची होती. आपल्याकडे परदेशी असलेल्या मुलासाठी थांबण्याची रीत आहे; दूरच्या विमानाची वेळ लक्षात घेऊन अंत्यविधी ठरतो, बर्फाची सोय होते, घरातले आवाज खाली येतात आणि सारे घर एका येणाऱ्याच्या दिशेने वळून बसते. महामारीने ही प्रतीक्षा मोडून टाकली. अंत्यविधीला वीसच माणसांची मुभा, रुग्णालयातून परस्पर स्मशानात जाणारे देह, आणि हजारो मैलांवर हातात धरलेल्या पडद्यावर हलत-थांबत दिसणारी चिता. तरीही लोक निघाले, विधी आटोपल्यावर निघाले, तेराव्यालाही पोचणार नाही हे ठाऊक असून निघाले. ऑस्ट्रेलियाने तर मार्च 2020पासून आपल्याच नागरिकांना परवानगीवाचून देशाबाहेर जाण्यास मनाई केली होती, आणि ती मनाई दीड वर्षाहून अधिक काळ टिकली. मेलबर्न-सिडनीत स्थिरावलेल्या मराठी घरांतली मुले आपल्या आईच्या आजाराची कागदपत्रे जोडून अनुकंपेच्या आधारावर अर्ज करीत. आई किती आजारी आहे, हे सिद्ध करायचे. आणि ते सिद्ध होण्याइतकी ती आजारी असावी, असे तर कोणत्या मुलाला वाटेल? या एका प्रश्नात जी यातना आहे, तिला त्या अर्जात जागा नव्हती.

जे पोचले त्यांना काय मिळाले, असा व्यवहारी प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. आई तर गेली. भिंतीवरच्या तसबिरीला हार चढला. भाऊ आणि वहिनी शेजारच्या खोलीत, आणि आलेला मुलगा दाराआड विलगीकरणात. परंतु त्या दाराआडही तो त्याच घराच्या हवेत होता. ज्या घरात ती वावरली त्या घरात आपला देह नेऊन ठेवणे, एवढेच त्याला करता येण्याजोगे होते आणि तेवढेच त्याला करायचे होते. शोकाला स्थळ लागते. परक्या शहरात, जिथे गेलेल्या माणसाला कुणी पाहिलेले नाही तिथे, शोक करणाऱ्याला आपण खोटे बोलत आहोत की काय असे वाटू लागते, हे ज्यांनी अनुभवले त्यांना अधिक सांगायला नको.

अशा वेळी मला रामटेक आठवते. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर वर्षभराची शिक्षा भोगत असतो. तो रामगिरी म्हणजे आपल्या नागपूरजवळचे रामटेक, असे परंपरेने मानले आहे. शापाने त्याचे सामर्थ्य हिरावलेले, अलकानगरी दूर, आणि समोर आषाढाचा मेघ, ज्याला कुणाच्याही अनुमतीवाचून आकाशातून जाता येते. यक्ष त्याला वाट सांगतो, नद्या सांगतो, डोंगरमाथ्यावरची विश्रांतीची ठिकाणे सांगतो, उज्जयिनीसाठी मुद्दाम वळसा घ्यायला लावतो. टाळेबंदीत ‘मेघदूत’ पुन्हा वाचताना माझ्या प्रथमच ध्यानात आले, की काव्याचा कितीतरी मोठा भाग निरोपाचा नसून वाटेचा आहे. निरोप सांगून संपतो. वाट मात्र यक्ष मनाने पावलोपावली चालत राहतो, कारण त्याला हवे आहे ते पोचणे. आपल्या हातातल्या यंत्रांनी निरोपाची अडचण जवळजवळ पूर्णपणे मिटवली आहे. चेहरा दिसतो, आवाज येतो, क्षणाचाही विलंब नाही. एवढा समर्थ दूत हाताशी असताना माणसे विमानात बसली, यावरून दूताची मर्यादा कालिदासाच्या काळी होती तिथेच आजही आहे, असे मला वाटते.

मृत्यूच्या रांगेला लागूनच जन्माची रांग होती, आणि ती मला अधिक विलक्षण वाटते. परदेशी असलेल्या लेकीच्या वा सुनेच्या बाळंतपणाला जाणारी आई हा आपल्या मध्यमवर्गाच्या गेल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या इतिहासातला एक थोर आणि दुर्लक्षित प्रवासी आहे. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा, जुन्या मऊ साड्यांची दुपटी असे सारे सामानात नीट बसवून, इंग्रजीची धास्ती मनात ठेवून ती अर्धे जग ओलांडते. मे 2021मध्ये अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेक प्रवाशांना प्रवेश बंद केला आणि नोव्हेंबरपर्यंत तो बंद राहिला. त्या काळात किती घरांत लाडू डब्यातच राहिले असतील! त्याआधी आणि त्यानंतर ज्या आया निघाल्या त्या बहुधा साठीच्या पुढच्या, मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या सोबत बाळगणाऱ्या, म्हणजे त्या रोगाचे भय सर्वांत अधिक असणाऱ्या होत्या. त्यांनी जोखीम ओळखली नव्हती असे मुळीच नाही. मला ठाऊक असलेल्या एका आजींनी निघण्यापूर्वी बँकेची कागदपत्रे यजमानांना समजावून दिली, दागिने कुठे आहेत ते सांगितले, आणि मग पंचाहत्तर ग्रॅम हळद वजनकाट्यावर मोजून पुडीत बांधली. अर्जातल्या रकान्यात त्यांनी काय लिहिले असेल कुणास ठाऊक. त्यांचे खरे कारण मात्र त्या पुडीत होते.

काही प्रवास मात्र घराकडे जाण्याचे होते, आणि ज्यांनी ते केले त्यांतल्या काहींनी विमान त्याआधी फक्त डोक्यावरून जाताना पाहिले होते. रस्त्याने चालत निघालेल्या मजुरांची चित्रे आपण विसरलेलो नाही. त्याच मे महिन्याच्या 28 तारखेला मुंबईहून रांचीला मजुरांना घेऊन एक विमान गेले. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ते ठरवले होते. त्याच दिवशी दिल्लीजवळच्या एका अळिंबी-उत्पादक शेतकऱ्याने स्वखर्चाने तिकिटे काढून आपले कामगार पाटण्याला धाडले. आणि समुद्रावर अडकलेले खलाशी तर कुणाच्या दृष्टीसही पडत नव्हते. करार संपून गेलेला, सलग अकरा महिन्यांची नियमाची मर्यादा उलटून गेलेली, पण उतरायला बंदर नाही आणि बंदरातून घरी न्यायला विमान नाही. 2020च्या अखेरीस अशांची संख्या जगभरात सुमारे 4 लाख असल्याचे आंतरराष्ट्रीय सागरी संघटना सांगत होती. कोकणात आणि गोव्यात अशा घरांची वाट पाहणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. तरीही त्या वर्षी ते वेगळे होते, कारण गलबत बुडाल्याची बातमी नव्हती, वादळ नव्हते, फक्त परवानगी नव्हती. घरी परतणाऱ्यांच्या या कहाणीत 7 ऑगस्टची कोळिकोडची पावसाळी संध्याकाळही आहे. वंदे भारत मोहिमेतले, दुबईहून 190 जणांना घेऊन आलेले विमान धावपट्टीवरून घसरून खाली कोसळले आणि त्यात 21 जण गेले. त्यांत विमानाचे सारथ्य करणारे, नागपूरच्या घरातले कॅप्टन दीपक साठेही होते. कित्येक महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर घराच्या मातीपासून काही हात अंतरावर आलेल्या त्या प्रवाशांचा विचार मनातून जात नाही.

त्याच वर्षी आषाढीचीही चिंता होती. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका शतकानुशतके माणसांच्या पावलांबरोबर पंढरीला जातात. चालणे हेच जिथे साधन आणि साध्य, ती वारी पायी निघू शकत नव्हती. मेअखेर असे ठरले, की पादुका विमानाने, हेलिकॉप्टरने किंवा बसने न्याव्यात. पावलांची प्रतिमा आकाशातून न्यावी, हा विचार ऐकून मी कितीतरी वेळ स्तब्ध बसलो होतो. पुढे एसटीच्या बसमधून, मोजक्या वारकऱ्यांच्या संगतीने पादुका गेल्या, आणि लाखो लोक आपापल्या दारात उभे राहिले. मला त्यात महत्त्वाचे वाटले ते हे, की पादुका घरीच ठेवून मनोमन पूजा करावी, हा पर्याय समाजाने स्वीकारला नाही. भक्तीत मन पुरे असते असे सांगणाऱ्या संतांच्याच पादुकांना प्रत्यक्ष पोचणे आवश्यक वाटले, आणि तो विरोधाभास नव्हे. मनाने पोचलेल्यालाच देहाने पोचावेसे वाटते.

आणि तरीही काही प्रवास असे झाले ज्यांना पोचायचे कुठेच नव्हते. ऑक्टोबर 2020मध्ये सिडनीहून एक विमान सात तास फिरून सिडनीलाच उतरले. त्याची तिकिटे दहा मिनिटांत संपली होती. त्याआधी जुलैत तैपेईच्या एका विमानतळावर लोक सामान घेऊन आले, तपासणीच्या रांगेत उभे राहिले, विमानात बसले, आणि विमान न उडताच उतरून घरी गेले. हे वाचून माझ्या परिचयातली पुष्कळ मंडळी चिडली. मला त्या लोकांविषयी राग येत नाही. मनुष्याला निघण्याची भूक पोचण्याच्या भुकेहून निराळी असते, आणि ती तितकीच जुनी आहे. ज्याचे जग चार भिंतींइतके झाले त्याला खिडकीशी ढग पाहावेसे वाटले तर त्याचे मन मी समजू शकतो. परंतु समजणे आणि समान मानणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर इथे मिटू देता कामा नये.

कारण हवा कुणा एकाची नसते. विमानातली हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते, गाळणीतून सूक्ष्म कण अडवले जातात, हे खरे. पण विमानाअलीकडे रिक्षा असते, रांग असते, आणि विमानापलीकडे एखादे गाव असते ज्याने कुणालाही बोलावलेले नसते. मुंबईत 1896 साली प्लेग आला तेव्हा आगगाड्या भरभरून माणसे बाहेर पडली आणि त्यांच्यासोबत प्लेगही गावोगाव उतरला. पुढच्याच वर्षी झालेला साथरोगांचा कायदा 2020मध्ये आपल्या शासनाने पुन्हा हाती घेतला. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्याकडे निघाल्या, आणि त्या संसर्गाने 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. साथीत माणसे हलली ती अशी दोन्ही दिशांना. काही रोगापासून दूर गेली, काही रोगाच्या दिशेने. आणि दोघांनाही वाटेत थांबवणारा शिपाई एकच होता, त्याच्याजवळचा नियमही एकच.

निर्बंध हवेच होते, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण निर्बंध घालणाऱ्यांनी अत्यावश्यक ठरवताना मालाची, यंत्रांची, सेवांची यादी आधी केली आणि नाती शेवटी, कुठे कुठे तर ‘इतर’ या सदरात, घातली. हे चुकले असे मी आज निःसंकोच म्हणेन. अशी वेळ पुन्हा येईल. तेव्हा मरणाऱ्याजवळ जाणारा, बाळंतिणीजवळ जाणारा आणि आपल्या घराकडे परतणारा, हे तिघे यादीच्या शिरोभागी असावेत, त्यांच्याकडून पुरावा कमीत कमी मागावा, आणि ज्यांना थांबणे शक्य आहे अशा आपण सर्वांनी त्यांच्यासाठी आपली आसने मोकळी सोडावीत.