खरखरीची दाद

गाण्याला दाद देणं हे पुण्य की पाप, हा प्रश्न मला परवापर्यंत कधी पडला नव्हता. मान हलवायला पैसे पडत नाहीत, म्हणून मी ती आयुष्यभर सढळपणे हलवत आलो. पण परवा आमच्या सिंदी मेघेत, गुरुजींच्या ओसरीवर, ती हलता हलता मध्येच अडकली. (ही वर्ध्याला चिकटलेली सिंदी. रेल्वेवाली सिंदी निराळी. आमचे निम्मे पाहुणे आधी तिथेच उतरतात.)

गुरुजींच्या ओसरीवर गोड गळ्याला किंमत नाही. "सुरात काय, कोनीबी गाईन," असं त्यांचं मत. आमच्या वऱ्हाडी मुलखाला गवई हवा तो घसा फोडणारा. तुकडोजी महाराजांनी खंजिरी घरोघर पोचवली. अकोल्याकडचे सत्यपाल महाराज तर एकटेच सात खंजिऱ्या वाजवतात आणि वाजवता वाजवता समोरच्याला सोलून काढतात. पण गुरुजींच्या लेखी या सगळ्यांच्या वर एकच नाव, गाडगेबाबा.

बाबांचं शेवटचं कीर्तन 1956 च्या नोव्हेंबरात मुंबईला, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं आणि सुदैवानं ते ध्वनिमुद्रित झालं. पुढच्याच महिन्यात बाबा गेले. त्या कीर्तनाची कॅसेट गुरुजींकडे होती, कॅसेटच्या कॅसेटची कॅसेट. तिच्यात खरखर बाबांच्या घशाची किती आणि फितीची किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आता तेच कीर्तन त्यांच्या नातवानं मोबाईलवर स्वच्छ करून आणलं, तर गुरुजी हिरमुसले. म्हणाले, "यातली जान गेली लेका."

तसा हा कलावंत विलक्षणच. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर खापर. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री गावाची डोकी. पूर्वरंग नाही, उत्तररंग नाही. बाबा प्रश्न विचारतात आणि गर्दी ओरडून उत्तर देते. पोलीस ठाण्यात प्रश्न बाहेरच्यानं विचारायचे आणि उत्तरं आतल्यांनी द्यायची, असा प्रकार बहुधा तेवढाच झाला असेल. पाया पडायला कोणी वाकला, तर बाबा काठी उगारायचे. थोडक्यात, दाद घ्यायला ते तयारच नव्हते.

माझी अडचण नेमकी इथे आहे. गोड गळ्याचा गवई वैराग्यावर गायला, तर आपण आवाजाला वा वा म्हणून सुटतो. वैराग्य तबकात तसंच राहतं. ऐंशी वर्षांच्या घासलेल्या घशात वा वा म्हणण्याजोगं काही नाही. तिथे सांगणं तेवढं उरतं. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, देवापुढे बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला. या माणसाच्या तावडीतून श्रोता सुटेल कसा?

पण आम्ही सुटलो! आम्ही खरखरीलाच दाद द्यायला लागलो. "काय आवाज हाय बाप्पा! काळजातून येते!" असं म्हणून गुरुजी डोळे पुसतात, मीही पुसतो, मग चहा येतो.

परवा असाच डोळे पुसून घरी आलो. सौ. कपाटातून पतसंस्थेचे कागद काढत होती. मुलाच्या लग्नाच्या पंगतीसाठी मी कर्ज मागितलं होतं. पाचशे पानं आणि तीन गोड पदार्थ. तिनं माझे लाल डोळे पाहिले आणि विचारलं, "बाबांचा आवाज ऐकून आले, का बाबांचं ऐकून आले?"

मी म्हणालो, कला ही कला असते. रसिक आणि शिष्य यांत फरक आहे. माझा कोणी शिष्य नाही, असं बाबांनीच सांगून ठेवलंय. तर म्हणते, "म्हणून कोणी ऐकूच नये, असं सांगितलं का त्यायनं?" बायकोनं नवऱ्याचा मुद्दा त्याच्याच संतावर उलटवावा, हे कुठल्याही धर्मशास्त्रात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांनीही थोरलीच्या लग्नात दोन एकर गहाण टाकले होते, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी मोबाईल सुरू केला. बाबांचा प्रश्न आला, वांद्र्याची गर्दी ओरडून उत्तरली. ओसरीवर आम्ही दोघं गप्प. मान कोणीच हलवली नाही.

"आवाज आज जरा कमीच लागला," शेवटी गुरुजी म्हणाले.

घरी येऊन मी आचाऱ्याला फोन केला आणि एक गोड कमी केलं. सौ. म्हणाली, "कर्ज?" मी म्हटलं, थांब, अजून अर्धं कीर्तन ऐकायचं राहिलंय.